फणस, कटर आणि चमचाभर पेट्रोल

साखळी-करवत हा शब्द कोशात शोभतो. आमच्या अंजनवेलला त्या यंत्राला सरळ ‘कटर’ म्हणतात, आणि ते चालू होत नसेल तर ‘कटर रुसला’ एवढे सांगून माणसे गॅरेजची वाट धरतात. हा रुसवा मी गेल्या काही वर्षांत जवळून पाहिला आहे. त्यात समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी हे यंत्र लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्यांकडेच असे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडील बागांची दैना झाली. माड, पोफळी, आंबे, फणस, सुरू वाटांवर आडवे झाले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. कुऱ्हाडीने एक जाड खोड तोडायला अर्धा दिवस जातो, हे त्या वेळी सर्वांनाच नव्याने उमगले. आमच्या वाडीने वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारा एक कटर घेतला. त्याच पावसाळ्यात दोन-तीन झाडे कापून झाली आणि कटर पुन्हा खोक्यात घालून एका पडवीत ठेवण्यात आला. मी निवृत्तीनंतर गावी राहायला आलो तो पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. कटर तोपर्यंत गाढ झोपेत होता.

बँकेत दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय धरतात. पेट्रोलच्या लहान इंजिनाला इतकी मुदत लागत नाही. कोकणातील दमट हवेत टाकीत इंधन ठेवून दोन-तीन महिने ते नुसते पडून राहिले, तरी ते निष्क्रियतेकडे झुकू लागते. खात्यात पैसे तरी जसेच्या तसे राहतात. टाकीतले पेट्रोल मात्र राहत नाही.

१६ मे २०२१, रविवार. ‘तौक्ते’ वादळ समुद्रातून गुजरातच्या दिशेने सरकत होते. ते आमच्या किनाऱ्यावर चढले नाही, तरी जाता जाता त्याने हात दाखवला. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या बाजूला समुद्रात घुसलेले आमचे गाव. येथे वाऱ्याला अडवायला काही नाही. सायंकाळी वाडीच्या रस्त्याकडेचा जुना फणस मुळासकट उपटला आणि एका गडग्यावरून दुसऱ्या गडग्यावर आडवा पडला. फांद्यांत विजेच्या तारा गुंतल्या. रात्रभर काळोख. १,९६७ मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प ज्या गावाच्या शेजारी आहे, त्या गावात आम्ही मेणबत्त्या शोधत होतो. अर्थात खांब पडल्यावर प्रकल्प शेजारी असला काय आणि नसला काय!

आमच्या शेजारच्या काकांचे मूत्रपिंड निकामी झालेले. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांना डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागे. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पाळी चुकली की अंगात पाणी साठते, रक्तातील पोटॅशियम वाढते, धाप लागू लागते. काकांचे पाय रविवारीच सुजलेले होते. रिक्षा वाडीत, रस्ता बंद, मोबाइल मुके. त्यातच करोनाच्या निर्बंधांमुळे गॅरेजे बंद. खुर्चीत बसवून काकांना पलीकडे न्यावे, असाही विचार झाला. पण फणसाचा घेर आणि त्यातल्या तारा पाहता ते कोणालाच धजवेना. एका मुलाला पलीकडून वाहन मिळते का ते पाहायला पायी धाडले आणि बाकीच्यांनी पडवीतून कटर बाहेर काढला.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक घरांत पंधरा कर्मादानांतील वनकर्माची जाणीव असते, आणि झाडे कापण्याच्या यंत्रावरील लेख त्यांना रुचेल की नाही, ही शंका माझ्याही मनात आली. परंतु येथे प्रश्न वाऱ्याने पाडलेले झाड वाटेतून बाजूला करण्याचा आहे. उभे झाड तोडण्याची बाब निराळी. फणस, आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने संरक्षण आहे आणि ती तोडण्यासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागते.

कटर खळ्यात ठेवला. पाच जणांनी आळीपाळीने दोरी ओढली. इंजिन हूं की चूं करीना. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणे चोक ओढा, दुसरा म्हणे चोक ओढल्यानेच बिघडले. तिसऱ्याने प्लग बदलायचे सुचवले. नवा प्लग कोठून आणायचा, ते त्यालाही सांगता येईना. दोरी ओढणाऱ्याचा दंड भरून आला की तो बाजूला होई आणि दुसरा त्याच उत्साहाने तेच करू लागे. काकू ओटीवरून एकदा आमच्याकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहत होत्या.

तेवढ्यात काकांच्या मुलाचा एक मित्र वेलदूरहून चालत आला. होड्यांना मागे लावायची यंत्रे दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. त्याने कटरला हात लावण्याआधी दोरीवाल्याला थांबवले.

“दोरी तुटेल, कटर चालू व्हायचा नाही. काका, यातलं पेट्रोल कधीचं?”

“गेल्या पावसातलं असणार,” कोणीतरी म्हणाले.

त्याने टाकीचे झाकण उघडून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो. हा वास सुकत चाललेल्या रंगाच्या डब्यासारखा, जड आणि आंबूस होता.

माझ्या पिढीतील वाचकांना टू-स्ट्रोक स्कूटर आठवत असेल. सकाळी ऑफिसला निघताना ती एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची, तरी ऐकेना तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. कटरचे इंजिन त्याच जातीचे आहे. त्याला चालू होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात: इंधन व हवेचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे आणि वेळेवर पडणारी ठिणगी. तिन्हींपैकी एक नसेल तर दिवसभर दोरी ओढून उपयोग नाही. आणि कोणती नाही हे ओळखण्याची रीत मला ओळखीची वाटली, कारण चौतीस वर्षे मी दुसऱ्या रूपात तीच वापरीत आलो होतो.

संगणक येण्यापूर्वी तेरीज जुळली नाही की नवखा कारकून सगळ्या खतावण्यांच्या बेरजा पुन्हा मारायला बसे. जाणता हेडक्लार्क आधी फरकाचा आकडा पाही. तो ९ ने भागला गेला तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे ५४ चे ४५. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर ती नावेऐवजी जमेला गेली असावी. एका प्रश्नाने निम्म्या खतावण्या बाजूला पडत. वेलदूरच्या त्या तरुणाने बी.कॉम.चा वर्गही पाहिलेला नव्हता, पण त्याच्या कामाची रीत नेमकी हीच होती.

त्याने प्रथम बंद-चालूचे बटण पाहिले. हसू नये, बटण बंद ठेवून अर्धा तास दोरी ओढणारे लोक मी नंतर पाहिले आहेत. बटण ठीक होते. मग त्याने प्लग खोलला. प्लग कोरडा ठणठणीत. इतक्या वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही, हा पहिला पुरावा. टाकीचे झाकण घट्ट लावून, कटर टाकीपासून दूर नेऊन त्याने प्लगला वायर जोडली, प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवले आणि दोरी ओढायला सांगितली. निळसर ठिणगी दिसली. वीज ठीक.

मग आली चमचाभर पेट्रोलची परीक्षा. काकांच्या मुलाची स्कूटर रोज वापरातली, तिच्यातले पेट्रोल ताजे. त्यातले अर्धा लिटर नळीने काढले. कटरसोबत आलेली टू-टी तेलाची बाटली सीलबंदच पडून होती. मुलांच्या खोकल्याच्या औषधाचे दहा मिलिलिटरचे टोपण घेऊन त्याने दोन टोपणे तेल त्यात मिसळले. त्यातले चमचाभर मिश्रण प्लगच्या भोकातून आत सोडले, प्लग बसवला आणि दोरी ओढली.

कटर दोन-तीन सेकंद गर्जला आणि बंद पडला.

खळ्यातली माणसे हिरमुसली. तो मात्र खुशीत आला. “इंजिन चांगलं आहे. फक्त पेट्रोलची वाट बंद आहे.” ठिणगी, दाब, पिस्टन या सगळ्यांवरचा संशय त्या दोन सेकंदांत फिटला होता. राहिली ती टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची चार बोटांची वाट.

त्या वाटेवर तीन अडथळे असू शकतात. टाकीत नळीच्या टोकाला एक लहान गाळणी असते. ती तारेच्या आकड्याने बाहेर ओढता येते. टाकीत हवा शिरायला एक बारीक छिद्र असते. ते बुजले तर पेट्रोल बाहेर येत नाही. आणि कार्बोरेटरच्या झाकणाखाली नखाएवढी जाळी व पातळ पडदा असतो. हा पडदाच पंपासारखा हलून पेट्रोल ओढतो. आमच्या कटरची गाळणी तपकिरी झाली होती आणि कार्बोरेटरच्या जाळीवर सुकलेल्या फणसाच्या चिकासारखा थर बसला होता. जुने पेट्रोल ओतून टाकी विसळली, जाळी आणि पडदा ताज्या पेट्रोलने हलक्या हाताने धुतले. साडेदहाच्या सुमारास चौथ्या ओढीला कटर चालू झाला आणि चालूच राहिला.

दरम्यान वायरमन पायीच येऊन पोचला होता. तारा मेलेल्या दिसतात म्हणून कोणी हात लावू नये, एखाद्याच्या घरचा जनरेटर उलटी वीज सोडू शकतो, असे बजावून त्याने आपल्या हातांनी त्या मोकळ्या केल्या. मगच कापणी सुरू झाली. वाडीत लाकडाचे काम करणारे एक अनुभवी गृहस्थ आहेत, कटर त्यांनीच धरला. दोन्ही टोके गडग्यांवर टेकलेली असल्यामुळे खोड वरून दाबलेले आणि खालून ताणलेले होते. त्यांनी आधी वरून तिसरा हिस्सा कापला आणि उरलेले खालून वर असे कापत नेले. सगळे वरूनच कापले असते तर खोडाने पाते दाबून धरले असते. सव्वाबाराला रिक्षा जाईल एवढी वाट झाली. रस्त्यावर फणसाचा पिवळाधमक भुसा पसरला होता, त्यावरून रिक्षा गेली. काका डायलिसिस करून रात्री साडेआठला परतले. पायी धाडलेला मुलगाही दुपारी एक टेम्पो घेऊन आला. त्याला चहा पाजून परत पाठवले.

पेट्रोल बिघडते कसे, हे मी नंतर समजून घेतले. पेट्रोल अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक, जे थंड इंजिनाला चटकन पेट घ्यायला मदत करतात, ते आधी उडून जातात. उरलेल्यांचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशाने पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. आमचा फणस पडला तेव्हा हे प्रमाण बरेच कमी होते, म्हणजे आज काळजी अधिकच घ्यायला हवी. इथेनॉल हवेतील पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते व पेट्रोल वर राहते. रोज वापरातल्या गाडीला याचा त्रास सहसा होत नाही, कारण तिची टाकी सतत रिकामी होते आणि भरते. वर्षातून दोनदा चालणाऱ्या कटरच्या बाबतीत कोकणचा पावसाळा आणि इथेनॉल यांची गाठ पडते. रबरी नळ्या आणि पडदेही कडक होतात.

टू-टी तेलाचा हिशोबही व्यापारी वाचकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. अशा इंजिनात वंगणासाठी वेगळे तेल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. उत्पादक सांगतो त्या प्रतीचे तेल असेल तर बहुधा ५० भागांस १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. साध्या टू-टी तेलास २५ भागांस १, म्हणजे ४० मिलिलिटर. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत जे दिले असेल ते अंतिम. तेल विसरले तर इंजिन उत्तम चालू होते, आणि थोड्याच वेळात पिस्टन जळून कायमचे बंद पडते. साखळीच्या तेलाची टाकी निराळी असते. दोन झाकणे शेजारी शेजारी असल्याने घाईत एकातले दुसऱ्यात जाण्याचे प्रकारही घडतात.

आमच्या कटरचा प्लग कोरडा होता. पुष्कळदा उलटे होते: चोक ओढलेला ठेवून माणूस दोरी ओढत राहतो आणि इंजिनात पेट्रोल तुंबते. तेव्हा प्लग ओलाचिंब निघतो. अशा वेळी बटण बंद करावे, चोक मागे घ्यावा, प्लग काढून भोक खाली करून आठ-दहा वेळा दोरी ओढावी, प्लग पुसून वाळवावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. थंड इंजिनाला चोक लागतो तो पहिला ‘फट्’ आवाज येईपर्यंतच. तो आवाज ऐकूनही चोक तसाच ठेवणे हे बहुतेक रुसव्यांचे मूळ आहे, असे माझे मत झाले आहे.

एका सवयीविषयी मात्र कडक बोलले पाहिजे. एका हाताने कटर खाली झटकायचा आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढायची, अशी चालू करण्याची एक ऐटबाज पद्धत तरुणांत आहे. तसे करताना फिरती साखळी मांडीपर्यंत यायला क्षण लागत नाही. कटर जमिनीवर ठेवावा, पुढचा साखळी-ब्रेक लावलेला असावा, मागच्या मुठीत पाऊल घालून दाबावे आणि मगच दोरी ओढावी.

आणखी एक तक्रार ऐकू येते: चालू होतो, पण कापत नाही. दोष बहुधा इंजिनाचा नसून बोथट साखळीचा असतो. मातीत एकदा टेकली तरी धार जाते. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला तर कानस हाती घ्यावी; धारदार साखळीचा भुसा दाणेदार, साल काढल्यासारखा पडतो. या साखळीचे दात आज ज्या वाकड्या आकाराचे असतात, त्यामागची गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे जबडे चालवीत लाकडातून आरपार जात होती. त्यावरून त्याने साखळीचा नवा दात तयार केला. इंजिनिअरांना जे सुचले नाही ते एका अळीने दाखवले.

हार्डवेअर आणि शेती अवजारांची दुकाने चालवणारे वाचक या मासिकाला थोडे नाहीत. वादळाची सूचना आली की दुकानात कटरची मागणी वाढते, हे त्यांना सांगायला नको. गिऱ्हाईक घाईत असते, बिल होते, खोके गाडीत जाते. त्या क्षणी तेल मोजण्याची खुणांची बाटली, एक जादा प्लग आणि एक जादा गाळणी खोक्यात ठेवली तर किमतीत फारसा फरक पडत नाही. आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून, कटर चालू करून आतले उरलेसुरले पेट्रोल जळून जाऊ द्यायला सांगितले, तर पुढच्या जूनमध्ये ते गिऱ्हाईक भांडायला येणार नाही. शृंगारतळीच्या बाजारात मी हे दोघा दुकानदारांना सुचवले. एकाने मान डोलावली. दुसऱ्याने, “साहेब, मग दुरुस्तीवाल्याने काय खायचं?” असे विचारून मला चहा पाजला.

काका त्यानंतर अडीच वर्षे होते. फणसाच्या खोडाच्या फळ्या पाडून त्यांच्या मुलाने देवघराचे दार करून घेतले.

वाडीच्या कटरसाठी मी एक वही घालून दिली आहे. तारीख, पेट्रोल किती, तेल किती, कोणी वापरला आणि टाकी रिकामी केली की नाही, असे पाच रकाने. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी कटर बाहेर काढून पाच मिनिटे चालवतात, त्याची नोंद वेगळ्या शाईत असते. मागच्या नोंदीप्रमाणे प्लग नवा आहे, गाळणी बदलली आहे, साखळीला कानस मारून झाली आहे. दोरी एका ठिकाणी विरली आहे. ती आणायला सांगितली आहे.